लांब नळीचें रिव्हॉल्व्हर

शस्त्राची लांबी वाढली कीं पल्ला वाढतो, हें खरें. पण तें वागविणाराचा जाचहि वाढतो. १८४७ सालचें अमेरिकेंतील वॉकर कोल्ट याची साक्ष देतें. ९ इंचांची नळी आणि सुमारें साडेचार पौंड वजन! तें कमरेला कोण बांधणार? स्वार तें खोगिरालाच अडकवीत.

१९३५ सालीं स्मिथ आणि वेसन यांनीं .३५७ मॅग्नम काढलें. त्याची नळी पावणेनऊ इंचांपर्यंत मिळे. लांब नळीनें गोळीचा वेग वाढतो. शिवाय पुढची माशी व मागची खांच यांतील अंतर वाढल्यानें नेमांतील चूक कमी होते.

१९५५ अखेर .४४ मॅग्नम आलें. आयडाहोच्या एल्मर कीथनें साडेसहा इंची नळीनें सुमारें ६०० वारांवरील हरिण टिपल्याचें लिहून ठेविलें. कित्येकांस ती बढाई वाटली. वादाच्या धुराळ्यांत एक गोष्ट मात्र झांकली जाते: त्याच्याच सांगण्याप्रमाणें तें हरिण सोबत्याच्या गोळीनें आधींच जायबंदी झालें होतें. घायाळ जीवास तडफडत सोडणें शिकाऱ्यास लांच्छनास्पद. म्हणून तो नेम क्षम्य. धडधाकट जनावरावर तितक्या दुरून गोळी झाडणाऱ्यानें मात्र कीथचा दाखला देऊं नये.