पिंजऱ्यातील पाठशाळा



आपला बुलढाणा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दुभागलेला आहे. परंतु पोपटाविषयीची तक्रार दोन्हीकडे एकच. ज्वारी हुरड्याला आली की हिरवे थवे कणसांवर उतरतात आणि राखणदाराला मचाणावर चढून गोफण फिरवावी लागते. गंमत अशी की, तोच पक्षी पूर्वी ओसरीवरच्या पिंजऱ्यात बसून "विठू विठू" म्हणू लागला, की त्याच घरातली मुले त्याला भिजवलेली डाळ आणि मिरची भरवीत. शेतात गोफण आणि घरात मिरची! एवढा फरक कशाने पडला? पोपट माणसासारखा बोलला, एवढ्यानेच.

ही वाणी पक्ष्याला कशी शिकवावी, याचा विचार माणूस दोन हजार वर्षांपासून करीत आला आहे. आता तर ठरावीक शब्द पुनःपुन्हा ऐकवणारा आणि पक्ष्याने तो उच्चारताच आपोआप दाणा टाकणारा 'हुशार' पिंजरा तयार करावा, अशाही कल्पना निघत आहेत. ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. तिच्यामागे एक लांबलचक इतिहास आहे, आणि तो आपल्याच देशात सुरू होतो.

वात्स्यायनाने ज्या चौसष्ट कला सांगितल्या, त्यांत 'शुकसारिकाप्रलापन' म्हणजे पोपट-मैनांना बोलायला शिकवणे ही एक स्वतंत्र कला आहे. रसिक नागरकाच्या दिनचर्येत भोजनानंतरचा वेळ तिच्यासाठी राखलेला आहे, आणि त्याच्या शयनगृहाबाहेर पाळीव पक्ष्यांचे पिंजरे टांगलेले असावेत असेही तेथे म्हटले आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या 'कादंबरी'त तर सारी कथाच वैशंपायन नावाचा पोपट शूद्रक राजाला सांगतो. मंडनमिश्रांच्या दारी पिंजऱ्यातले पोपट वेदांच्या प्रामाण्यावर वाद घालीत, ही आख्यायिका आपण कीर्तनांतून ऐकलीच आहे. या सर्व ठिकाणी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पिंजरा आहे खरा, पण तो माणसांच्या वर्दळीत टांगलेला आहे. पोपटाची पाठशाळा म्हणजे ते घर, तो पिंजरा नव्हे.

या पक्ष्याची कीर्ती पश्चिमेकडे फार लवकर गेली. इराणच्या दरबारी राहिलेला ग्रीक वैद्य क्टेसियस याने इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास लिहून ठेवले की, हा पक्षी हिंदुस्थानची भाषा बोलतो आणि शिकवल्यास ग्रीकही बोलेल. खांद्यावर तांबडा डाग असलेल्या आपल्या पहाडी पोपटाला पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी पुढे शिकंदराचेच नाव दिले. परंतु रोमन लोकांची शिकवण्याची रीत पाहा. पहिल्या शतकातील प्लिनी सांगतो की, पोपटाचे डोके चोचीइतकेच कठीण असल्यामुळे शिकवताना त्यावर लोखंडी कांबीने मारावे, एरवी त्याला मार कळत नाही! 'छडी लागे छमछम' या शास्त्राचा उगम इतका जुना आहे.

आपल्याकडे पारध्यांनी पोपट धरण्यासाठी एक विलक्षण साधन योजले होते. दोरीत एक पोकळ नळी ओवून ती ताणून बांधायची. पोपट तिच्यावर बसला की त्याच्या भाराने नळी फिरते, तो उलटा लोंबकळू लागतो आणि घाबरून नळी अधिकच घट्ट धरतो. त्याला कोणी बांधलेले नसते. पाय सोडले तर तो उडून जाईल, पण सोडीत नाही. ज्ञानेश्वरमहाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, माणूस स्वतःच स्वतःचा वैरी कसा होतो हे याच दृष्टांताने समजावले आहे.

छडीनंतर यंत्र आले. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये हाताने फिरवायचा एक छोटा बाजा निघाला. पिंजऱ्यातल्या कॅनरी पक्ष्यापुढे तीच धून पुनःपुन्हा वाजवून ती त्याच्याकडून घटवून घेत. १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ शोधला आणि माणसाचा आवाजही माणसावाचून ऐकवण्याची सोय झाली. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत पोपटांना शिकवण्याच्या खास ध्वनिमुद्रिका विकल्या जात. मालकाने तबकडी लावावी आणि आपल्या कामाला जावे. हुशार पिंजऱ्याची कल्पना हे याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय.

मग हे यंत्र शिकवते का? या प्रश्नाला शास्त्राने दिलेले उत्तर मोठे मार्मिक आहे. आयरीन पेपरबर्ग या विदुषींनी १९७७ साली 'ॲलेक्स' नावाचा आफ्रिकेचा राखी पोपट विकत घेतला. २००७ साली तो मरण पावला, तोपर्यंत शंभराहून अधिक शब्द तो अर्थासह वापरू लागला होता. रंग, आकार, लहान संख्या त्याला सांगता येत. त्याला शिकवण्याची युक्ती साधी होती. दोन माणसांनी पोपटासमोर बसायचे. एकाने वस्तू दाखवून "हे काय?" विचारायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे आणि ती वस्तू मिळवायची. हे पाहून पोपटाला चुरस वाटे आणि तोही संभाषणात शिरे. पुढे त्यांनी याच जातीच्या इतर पोपटांवर नुसत्या ध्वनिफिती आणि चित्रफिती लावून प्रयोग केले, तेव्हा त्या पक्ष्यांना वस्तूंची नावे शिकता आली नाहीत. जिवंत सोबत काढून घेतली आणि शिक्षण थांबले!

याचे कारण पोपटाच्या रानातल्या जीवनात आहे. पोपट थव्याने राहतो आणि आवाजाने आपली माणसे ओळखतो. व्हेनेझुएलातील एका लहान पोपटाच्या जातीत आईबाप पिलांना वेगवेगळी हाक देतात आणि पिले ती हाक उचलून आपली करतात, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. जणू हे त्यांचे बारसेच! थव्यातून तोडलेला पोपट आपली भाषा बोलतो, ती ज्ञानाच्या हौसेने नव्हे. आता हेच आपले गणगोत, असे समजून तो त्यांची हाक उचलतो. आपण ज्याला पोपटपंची म्हणून हसतो, ती त्या जिवाची सोबतीसाठी केलेली विनवणी असते.

रवींद्रनाथ ठाकुरांनी १९१८ साली 'तोताकाहिनी' ही छोटी उपरोधकथा लिहिली. राजा एका पाखराला शिकवायचे ठरवतो. सोन्याचा पिंजरा होतो, पोथ्यांचे ढीग लागतात, पंडित पाखराच्या तोंडात पाने कोंबतात आणि पाखरू मरते. कथेचा रोख शाळांवर होता, हे उघड आहे. पिंजरा सुधारला म्हणजे शिक्षण सुधारले, हा भ्रम पाखरापुरता मर्यादित नाही.

आता व्यवहाराची गोष्ट. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि नंतरच्या दुरुस्त्या यांमुळे देशी पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. तरीही चोरटा व्यापार चालतो, आणि त्यासाठी पंख न फुटलेली पिले झाडाच्या ढोलीतून काढली जातात. आपण येथे व्याख्याने ऐकत बसलो आहोत, हाच वसंताचा काळ त्यांच्या विणीचा आहे. लोणारच्या विवराच्या उतारावर, ज्ञानगंगेच्या आणि अंबाबरव्याच्या रानात, आपल्या बांधावरच्या जुन्या झाडांतही या वेळी त्यांची पाठशाळा भरलेली असते. तिथे शिक्षक आईबापच असतात आणि भिंत असते ढोलीची. हुशार पिंजरा बनवण्यात जी बुद्धी खर्चावी, तिचा थोडासा अंश पोकळ म्हणून तोडायला काढलेले एखादे जुने झाड वाचवण्यात खर्चावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.