दावं, नाडा आणि यारी : जमिनीखाली अडकलेल्या जनावरांची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका मांजरापासून करायची आहे.

९ एप्रिल २०२४. गुढीपाडव्याचा दिवस. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं नेवासा तालुक्यातलं वाकडी गाव. एका जुन्या विहिरीत मांजर पडलं. विहीर वापरात नव्हती, शेणाचा काला सोडायला, बायोगॅसचा खड्डा म्हणून तिचा वापर व्हायचा. मांजराला काढायला एक जण उतरला, तो वर आलाच नाही. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. असे पाच जण गेले. सहावा माणूस वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. वरच्यांनी त्याला ओढून काढला.

तेव्हा अनेकांनी म्हटलं, एका मांजरासाठी कशाला गेले? मला हा प्रश्न जरा उथळ वाटतो. कारण आपल्याकडे जमिनीखाली गेलेलं जनावर वर काढणं ही फार जुनी रीत आहे. तिची स्वतःची हत्यारं होती, स्वतःचं शहाणपण होतं. आज हा इतिहास नांदेड-लातूरच्या मातीतून सांगायचा आहे. तो सांगितला म्हणजे वाकडीत काय चुकलं तेही कळेल.

आपल्याकडे गुहा कुठल्या?

जगात जनावर जमिनीखाली अडकलं म्हटलं की लोकांना गुहा आठवतात. इंग्लंडमध्ये, फ्रान्समध्ये चुनखडकाचे डोंगर आहेत. पावसाचं पाणी हा खडक विरघळवतं आणि आत मैलोन् मैल पोकळ्या तयार होतात. मेंढी, कुत्रं त्यात पडतं आणि मग दोर-दिवे घेऊन गुहावाले उतरतात.

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा. लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला हा खडक चुनखडकासारखा विरघळत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या ज्या लेण्या आपण सांगतो, माहूरची पांडवलेणी किंवा औसा तालुक्यातली खरोशाची लेणी, त्या माणसाने छिन्नीने कोरलेल्या. सपाट जमिनीची, आत चालत जाण्यासारखी. तिथे जनावर जातं आणि आपल्या पायांनी परत येतं.

म्हणजे आपल्याकडे जमिनीखालची खरी धोक्याची जागा निसर्गाने केलेली नाही, ती आपणच खणली. ती म्हणजे विहीर.

बारव आणि आड

आता विहिरीतही फरक आहे बरं का. जुनी बारव बघा. पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. बारवेत वासरू पडलं तर पोहत पायरीपर्यंत येतं, आणि मग त्याला हाकून वर आणता येतं. ज्याने बारव बांधली त्याच्या मनात देव होता, वाटसरू होता, पाणी होतं. पण पायऱ्यांमुळे जनावरालाही वाट मिळाली.

आडाचं तसं नाही. आड म्हणजे अरुंद, सरळ खाली गेलेला, पायरी नसलेला. घराच्या अंगणात किंवा गल्लीत. आणि शेतातली विहीर म्हणजे वर माती, मग मुरूम, खाली पाषाण. वरचा मातीचा भाग ढासळतो, काठ गोल होत जातो, गवत वाढतं. पावसाळ्यात चरायला सोडलेल्या जनावराला काठ कुठे संपला ते दिसत नाही. कठडा बांधला तर खर्च, आणि मोटेची विहीर असेल तर एक बाजू मोकळी ठेवावीच लागे.

मोटेच्या दिवसांत

मोट आजच्या ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पाहिलेली नसेल, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. विहिरीच्या काठावर दोन खांब, त्यावर चाक. चाकावरून जाड दोर, त्याला म्हणायचं नाडा. खालून मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर, तो सोंदूर. बैलजोडी विहिरीपासून उतारावर लांब जायची, त्या उताराला धाव म्हणतात. बैल धावेवर खाली गेले की भरलेली मोट वर यायची आणि थारोळ्यात पाणी ओतायची. मग बैल उलट्या पावलांनी परत विहिरीकडे. दिवसभर हेच.

यातला मुद्दा असा की बैलाचा विहिरीशी रोजचा संबंध होता, आणि तोही पाठमोरा. धोका होताच. पण बैलाला वर काढायची यंत्रणाही त्याच काठावर उभी होती. चाक होतं, शेकडो किलो पाणी उचलणारा नाडा होता, ओढायला दुसरी बैलजोडी होती आणि ओढकाम जाणणारा मोटकरी होता.

आणि पडायचं ते जनावर काही साधंसुधं नव्हतं. या दोन जिल्ह्यांनी देशाला गोवंशाच्या दोन नामी जाती दिल्या. नांदेडच्या कंधारची लालकंधारी आणि लातूरच्या देवणीची देवणी. देवणीतही वानेरा, शेवरा, बाळंक्या असे अंगावरच्या रंगांवरून प्रकार. चांगला बैल चार-पाच क्विंटलांचा सहज असतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत या जनावरांचा बाजार भरतो. पेरणीच्या तोंडावर जोडीतला एक बैल विहिरीत गेला तर उरलेला एकटा काय करणार? वापसा आठ-दहा दिवसांचा. तेवढ्यात दुसरा बैल मिळाला नाही तर हंगाम गेला. म्हणून हाक आली की हातातलं काम टाकून गाव धावायचं. यात भूतदया होती, आणि उद्या आपल्यावर हीच वेळ येईल हा हिशेबही होता.

काढायची पद्धत ठरलेली. खाली उतरायचं ते पोहणाऱ्याने आणि त्या जनावराच्या ओळखीच्या माणसाने. आधी शिंगांना दोर लावून तोंड पाण्यावर धरायचं, कारण गुरं पोहतात पण दमतात. मग पुढच्या पायांमागून आणि मागच्या पायांपुढून तरटाचे रुंद पट्टे पोटाखालून घ्यायचे. गळ्याला दोर लावून ओढायचं नाही, फास बसतो. डोळ्यांवर फडकं बांधायचं, म्हणजे जनावर बिथरत नाही. वरून एकाच्याच हुकुमाने ओढायचं. दहा जण ओरडायला लागले की बैल पाय झाडतो आणि खालचा माणूस भिंतीवर चेपला जातो.

चाक गेलं, यारी आली

१९६०-७० च्या दशकांत डिझेल इंजिनं आली, मागून विजेचे पंप आले. मोट अडगळीत गेली. शेतकऱ्याची आणि बैलाची त्या कष्टातून सुटका झाली, ते चांगलंच झालं. पण विहिरीच्या काठावरचं चाक गेलं, नाडा गेला, मोटकरी गेला. विहिरी मात्र वाढत गेल्या. १९७२ च्या दुष्काळानंतर तर पाण्यासाठी जमीन आणखी खोल फोडली जाऊ लागली. सुरुंग लावून पाषाण फोडायचा आणि यारीने दगड वर काढायचा.

यारी म्हणजे विहीर खोदताना काठावर उभी करतात ती उचलण्याची यंत्रणा. मोटेच्या चाकाची जागा आता तिने घेतली. जनावर पडलं की जवळपास कुठे विहिरीचं काम चालू आहे का, यारी आहे का, अशी शोधाशोध. आज त्या जागी जेसीबी किंवा क्रेन बोलावतात. फरक एवढाच की पूर्वी सामान काठावर होतं, आता ते येईपर्यंत थांबावं लागतं.

खोलीनेही स्वरूप बदललं. पाणी असलेल्या विहिरीत पडणारं जनावर बुडण्याचा धोका असतो, पण पाणी त्याला झेलतं. कोरड्या विहिरीत ते खडकावर आदळतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपल्याला आठवतं. अशा वर्षी विहिरी खोल असतात, कोरड्या असतात, आणि तहानलेलं जनावर पाण्याच्या वासाने काठाशी जातं.

३० सप्टेंबर १९९३

आता या इतिहासातलं सर्वांत जड पान.

अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं उद्ध्वस्त झाली. सरकारी आकडा ७,९२८ मृत्यूंचा आहे. आणि त्याच अहवालांमध्ये पुढे एक ओळ असते, जी आपण सहसा वाचत नाही. जनावरं मेली सुमारे १५,८००. म्हणजे माणसांच्या जवळपास दुप्पट.

असं का झालं? कारण घरात आहे. आपल्याकडचं जुनं घर म्हणजे दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर पुन्हा माती. पिढ्यान् पिढ्या हा थर वाढत गेला. उन्हाळ्यात थंडगार, हिवाळ्यात उबदार असं घर. चोरापासून, पावसापासून जपायचं म्हणून गुरंही त्याच वाड्यात, त्याच छताखाली. भूकंपात हे सगळं खाली आलं. जिथे छत लाकडी खांबांवर तोललेलं होतं तिथे भिंती पडूनही काही वेळा छत टिकलं. बाकी ठिकाणी माणूस आणि जनावर एकाच मातीखाली गेले.

सिमेंटची इमारत पडते तेव्हा स्लॅबखाली पोकळ्या राहतात, त्यात हवा राहते. दगडमातीचं घर पडलं की माती सगळीकडे भरते. श्वास कोंडतो. म्हणजे वाचवायचे ते पहिले काही तास, आणि त्या तासांत हाताशी असतो फक्त शेजारी. लष्कर आलं, स्वयंसेवक आले, पण पहिले हात गावाचेच होते. त्यात पाऊस. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल तर पुढे २००६ मध्ये उभं राहिलं.

एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, की जनावरांना भूकंप आधी कळतो. असेलही. पण दावणीला बांधलेल्या बैलाला कळून उपयोग काय? दावं तोडून तो पळू शकत नाही. माणसाला दार उघडायला निदान दोन हात होते.

ढिगाऱ्यात आधी माणूस शोधायचा, हे उघड होतं, आणि त्यात कुणाला दोष देता येत नाही. पण ज्याचं घर गेलं, माणसं गेली, त्याच्याकडे उद्या पोट भरायला बैलही उरला नाही, हेही तितकंच खरं. पुढे पुनर्वसनात सिमेंटची घरं मिळाली, रुंद रस्ते मिळाले. गोठ्याचा विचार मात्र त्या आराखड्यांत फारसा नव्हता. लोकांनी नंतर घराला लागून आपापल्या हाताने पत्र्याचे गोठे उभारले. नव्या गावांत फिरलात तर हे गोठे जरूर बघा. गुरं आता घराबाहेर, हलक्या छताखाली बांधली जातात. ती आपत्तीतून शिकलेली गोष्ट आहे.

जुन्नरची बाज

थोडं मराठवाड्याबाहेर जाऊ. पुणे जिल्ह्यातलं जुन्नर. धरणं झाली, ऊस आला, उसात बिबटे राहू लागले आणि बिनकठड्याच्या विहिरींत पडू लागले. वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस यांचं माणिकडोहचं केंद्र हे काम वर्षानुवर्षं करतंय. तिथली एक युक्ती मला फार आवडते. आधी दोराने बाज किंवा फळी खाली सोडतात. दमलेला बिबट्या तिच्यावर चढून बसतो, श्वास घेतो. मग सावकाश पिंजरा उतरवतात.

बाज ही आपल्या प्रत्येक घरातली वस्तू. रोही पडली, कुत्रं पडलं, मोर पडला, तरी हेच करता येतं. आधी जनावराला टेकायला काहीतरी द्या. मग घाई राहत नाही, आणि कुणाला लगेच उडी मारावी लागत नाही.

परत वाकडीला

तर वाकडीत काय घडलं? बंद विहिरीत, विशेषतः जिथे शेण कुजतंय तिथे, प्राणवायू कमी असतो. मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड साचतात. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाला तोही कळेनासा होतो. माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. वरच्याला वाटतं पाय घसरला, आणि तो धावतो.

जुने लोक विहिरीत आधी कंदील सोडायचे. विझला तर उतरायचं नाही. प्राणवायू कमी आहे की नाही हे त्यातून कळायचं. पण ही परीक्षा पाणवापराच्या विहिरीपुरती होती. शेणाच्या खड्ड्यात दिवा सोडणं म्हणजे मिथेनला काडी लावणं, आणि विषारी वायू दिव्याला कळतही नाही. विहिरीचं काम बदललं, तिच्यातली हवा बदलली, आपली रीत मात्र जुन्या विहिरीची राहिली. त्या पाच जणांकडे माया होती, धाडस होतं. सहाव्याकडे तेच होतं, शिवाय कमरेला दोर होता.

म्हणून आजचा भाग संपवताना तीनच विनंत्या. शेणाच्या किंवा बंद विहिरीत कुणीही उतरू नका, अग्निशमन दलाला बोलवा. पाण्याच्या विहिरीत उतरायचंच झालं तर आधी पंपाचा स्टार्टर बंद करा, कमरेला दोर बांधा, आणि तो दोर वर किमान दोघांच्या हातात द्या. आणि घरी आजोबा असतील, कधी मोट हाकलेली असेल, तर त्यांना विचारा की विहिरीतला बैल तुम्ही कसा काढायचात. ते सांगतील ते लिहून ठेवा. नाडा कसा बांधायचा हे सांगणारी पिढी आता फार थोडी उरली आहे.