नक्कल, पण ओरखड्यांसकट

जपानच्या 'नो' नाट्यात मुख्य नट लाकडी मुखवटा लावतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. मला त्या मुखवट्यांइतकेच त्यांच्या नकलांचेही कुतूहल आहे. (कचेरीत 'खरी नक्कल'चे शिक्के मारण्यात निम्मे आयुष्य गेल्यावर दुसरे काय होणार!)

मुखवटा कोरतात तो हिनोकी नावाच्या सुवासिक लाकडात. त्यावर शिंपल्यांची पूड सरसात कालवून थर देतात, मग रंग. तरुण स्त्रीच्या मुखवट्यावर ठळक असा भाव नसतोच. नटाने मान किंचित वर केली की तो हसल्यासारखा वाटतो, खाली केली की खिन्न. जपानी भाषेत पहिल्याला 'उजळणे' म्हणतात, दुसऱ्याला 'झाकोळणे'.

चौदाव्या शतकात कानामी आणि त्याचा मुलगा झेआमी यांनी या नाट्याला आकार दिला. पुढे सोळाव्या शतकात तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाला त्याचे इतके वेड लागले की तो स्वतःच रंगमंचावर उतरू लागला. तात्सुएमोन या कारागिराचे तरुण स्त्रीचे तीन मुखवटे त्याच्याकडे होते, असे परंपरा सांगते. त्यांची नावे हिम, चंद्र आणि फूल. त्यातला चंद्र म्हणे पुढे आगीत जळाला.

लाकडाचे हे असेच. म्हणून जुन्या मुखवट्यावरून नवा करायचा. त्याला 'उत्सुशी' म्हणतात. गंमत म्हणजे कारागीर नाकडोळे तर उतरवतोच, पण उडालेला रंग आणि ओरखडेसुद्धा जसेच्या तसे काढतो! प्रथम वाचले तेव्हा मला हा चक्क वेडेपणा वाटला. आता वाटत नाही. आज ओरखडा दोष म्हणून गाळणारा उद्या ओठांची एखादी रेषही गाळील.

१८६८ मध्ये मेइजी राजवट आली. शोगुन आणि सरदारांचा आश्रय गेला, नट उघड्यावर पडले, कित्येक मुखवटे विकले गेले, काही परदेशी गेले. उमेवाका मिनोरूसारखे थोडे नट तोक्योत टिकून राहिले. युरोपात ऑपेरा पाहून आलेल्या इवाकुरा तोमोमीने १८७६ मध्ये आपल्या घरी सम्राटापुढे नोचा प्रयोग करवला, तेव्हा कुठे पुन्हा बरे दिवस दिसू लागले.

प्रयोगाआधी नट आरसेखोलीत बसतो, मुखवटा दोन्ही हातांत धरून त्याला वाकून नमस्कार करतो आणि मगच चेहऱ्याला लावतो. मुखवटा मूळचा असो की उत्सुशी.