कोकोचें झाड आणि घानाचा इतिहास

परदेशाचा अभ्यास करावयास सांगितला, म्हणजे आमचे विद्यार्थी चार कप्पे पाडतात : भूगोल, राज्यव्यवस्था, अर्थव्यवहार व संस्कृति. पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशाविषयीं हे कप्पे भरणें कठीण नाहीं. दक्षिणेस गिनीचें आखात, राजधानी आक्रा, नदी व्होल्टा, १९५७ सालीं स्वातंत्र्य, झालें टिपण! परंतु एवढ्यानें देश कळतो, असें आम्हांस वाटत नाहीं. त्यापेक्षां एका झाडाचा माग काढावा.

कोको मूळचा अमेरिकेंतला. टेटे क्वार्शी नामक लोहारानें फर्नांडो पो बेटावरून त्याचें बीं आणून माम्पाँग गांवीं लाविलें, तें साल सामान्यतः १८७९ मानितात. पुढें १९११ पर्यंत, तेव्हां 'सुवर्णकिनारा' म्हणविणारी ही ब्रिटिश वसाहत कोकोच्या निर्यातींत जगांत पहिली आली. हें कर्तृत्व कोणा गोऱ्या मळेवाल्याचें नव्हे. आक्वापिम व क्रोबो शेतकऱ्यांनीं पश्चिमेकडील अरण्यभूमि तेथील राजांकडून रोख पैसा देऊन विकत घेतली. पॉली हिल या विदुषीनें १९६३ च्या आपल्या ग्रंथांत या व्यवहाराचा जो छडा लाविला आहे, तो मुळांतून वाचण्याजोगा आहे. क्रोबोंसारखे पितृवंशीय लोक मंडळी करून जमीन घेत आणि ज्यानें जेवढें द्रव्य घातलें त्या मानानें लांबट पट्टे पाडीत. जेथें वारसा भाच्याकडे जाई, तेथें जमीन कुळासाठीं घेतली जाई आणि शेतांची मांडणी गोधडीच्या ठिगळांसारखी होई. नात्यागोत्याची रीत जमिनीच्या नकाशावर उमटली ती अशी! तिला भूगोल म्हणावें कीं संस्कृति?

१९३७ सालीं परदेशी पेढ्यांनीं खरेदींत आपसांत चढाओढ न करण्याचा करार केला. शेतकऱ्यांनीं माल विकण्याचेंच नाकारिलें, आणि अनेक ठिकाणचे राजेही त्यांस मिळाले. १९३८ च्या एप्रिलपर्यंत हा संप टिकला. १९४७ मध्यें सरकारी खरेदी मंडळ स्थापन झालें. भाव ठरविण्याची किल्ली पेढ्यांच्या हातून सरकारच्या हातीं आली, शेतकऱ्याच्या मात्र आली नाहीं.

स्वातंत्र्यानंतर एन्क्रुमांच्या सरकारनें याच कोकोच्या उत्पन्नावर मोठमोठ्या योजनांचा भार घातला. १९६५ सालीं जागतिक बाजारांत भाव कोसळला. २४ फेब्रुवारी १९६६ रोजीं सैन्यानें सत्ता घेतली. केवळ भावामुळें राज्य गेलें, असें आम्ही म्हणत नाहीं; विनाचौकशी तुरुंगांत डांबण्याचा १९५८ चा कायदा त्या राज्याच्या अंगावर होताच.