कुंडी भंडारा : बऱ्हाणपूरच्या भूमीखालचा जलमार्ग

मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, तापीच्या उत्तर काठावर बुरहानपूर हे शहर वसले आहे. मराठी इतिहासग्रंथांतून ते ‘बऱ्हाणपूर’ या नावाने भेटते. जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुका ओलांडला की हा प्रदेश सुरू होतो. त्यामुळे येथील बाजारपेठेत आणि खेड्यापाड्यांत मराठी सहज कानी पडते. मुमताज महल हिचे निधन झालेले शहर अशी त्याची सर्वत्र ख्याती आहे. मात्र येथील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण वारसा भूमीखाली आहे. कुंडी भंडारा किंवा खुनी भंडारा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलव्यवस्थेचा समावेश मार्च 2024 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत झाला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

खानदेशच्या फारुकी घराण्यातील नासिर खान याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस हे शहर वसवले आणि सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. सुमारे दोनशे वर्षे ते फारुकींची राजधानी होते. 1601 मध्ये अकबराने अशीरगड जिंकला आणि खानदेश मोगल साम्राज्यात विलीन झाला. उत्तरेतून दक्षिणेत उतरणाऱ्या वाटेवर असल्यामुळे बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दख्खन मोहिमांचे मुख्य ठाणे बनले. इंग्लंडचा राजदूत सर टॉमस रो हा 1615 मध्ये येथेच शहजादा परवेझ याला भेटला.

सैन्याचा तळ, शाही परिवार, सराया आणि वाढती वस्ती यांमुळे पाण्याची गरज मोठी होती. नदी शहरालगत असली तरी तिचे पात्र काठापेक्षा बरेच खोल आहे. शिवाय वेढ्याच्या वेळी शत्रूने नदीचे पाणी दूषित केल्यास शहर अडचणीत येण्याचे भय होते, असे सांगितले जाते. तेव्हाचा सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान याच्या कारकिर्दीत, 1615 च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली भूमिगत जलमार्गांचे काम झाले.

रचना आणि कार्यपद्धती

सातपुड्याच्या उतारावर पडणारे पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि तापीच्या दिशेने झिरपत जाते. हे पाणी वाटेतच अडवून ‘भंडारा’ म्हणजे भूमिगत साठ्यात घ्यावयाचे आणि मंद उताराच्या बोगद्यातून शहराकडे आणावयाचे, हे या व्यवस्थेचे तत्त्व होय. बोगद्यावर सुमारे वीस-वीस मीटर अंतराने विहिरीसारख्या उभ्या कुंड्या बांधल्या आहेत. मुख्य मार्गावर त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. खोदकामाच्या वेळी माती वर काढण्यासाठी आणि पुढे हवा, प्रकाश व साफसफाई यांसाठी त्यांचा उपयोग झाला. कुंड्यांच्या रांगेवरूनच ‘कुंडी भंडारा’ हे नाव आले. ‘खुनी’ हे नाव पाण्यातील तांबूस छटेवरून पडल्याचे स्थानिक लोक सांगतात.

बोगद्यातील पाणी ‘जाळी करंज’ या हौदात येई आणि तेथून मातीच्या नळांनी शहराच्या निरनिराळ्या भागांत पोहोचे. या साऱ्या प्रवासात मोट, रहाट किंवा अन्य कोणतेही यंत्र लागत नसे. केवळ उताराच्या बळावर पाणी वाहत असे. अशा एकूण आठ व्यवस्था बांधल्या गेल्या. त्यांपैकी मूळ भंडारा, सुखा भंडारा आणि चिंताहरण यांचे पाणी शहराला मिळत असे. इराणात ही पद्धत ‘कनात’ म्हणून प्रसिद्ध आहे. मलिक अंबरने औरंगाबादला आणलेली नहर आणि बीदरची ‘करेझ’ ही दख्खनमधील तिची अन्य उदाहरणे होत.

शहराशी निगडित व्यक्ती

शाहजहानची पत्नी मुमताज महल हिचे 17 जून 1631 रोजी येथे चौदाव्या बाळंतपणात निधन झाले. तापीपलीकडील जैनाबादच्या बागेत तिचे तात्पुरते दफन झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पार्थिव आग्र्याला नेण्यात आले. पुरंदरच्या तहातील मिर्झाराजे जयसिंग यांचा मृत्यूही 1667 मध्ये याच शहरात झाला. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटल्यावर त्यांना दख्खनच्या सुभेदारीवरून परत बोलावण्यात आले होते. तापी व मोहना यांच्या संगमाजवळ त्यांची छत्री आहे. 1681 च्या प्रारंभी छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरचे बहादुरपुरा हे संपन्न उपनगर लुटले. 1760 च्या उदगीरच्या लढाईनंतर शहर मराठ्यांच्या ताब्यात आले.

पर्यटकांसाठी माहिती

बुरहानपूर हे भुसावळ–खंडवा लोहमार्गावरील स्थानक आहे. गोव्याहून जाणाऱ्यांना वास्को–निजामुद्दीन गोवा एक्स्प्रेसने भुसावळपर्यंत जाऊन तेथून पुढची गाडी किंवा बस घेता येते. कुंडी भंडारा शहराबाहेर लालबागच्या बाजूस असून रिक्षाने तेथे जाता येते. कुंडीतून खाली उतरण्यासाठी लिफ्ट बसवलेली आहे. ती चालू आहे की नाही, याची चौकशी निघण्यापूर्वी करावी. खाली पाण्यातून, अरुंद वाटेने चालावे लागते. त्यामुळे घसरणार नाहीत अशी पादत्राणे व विजेरी जवळ असावी. श्वसनाचा किंवा बंद जागेचा त्रास असणाऱ्यांनी वरूनच पाहणे योग्य. ऑक्टोबर ते मार्च हा काळ सोयीचा आहे.

एका दिवसात शाही किल्ल्यातील रंगचित्रांचे अवशेष असलेला हमाम, अरबीबरोबर संस्कृत शिलालेख असलेली जामा मशीद आणि बोहरा समाजाचे श्रद्धास्थान दर्गाह-ए-हकीमी ही ठिकाणे पाहून होतात. सुमारे वीस किलोमीटरवरील अशीरगडासाठी दुसरा दिवस राखावा.

जतनाचा प्रश्न

अन्य वास्तूंचे जतन भिंती सावरून आणि कुंपण घालून करता येते. कुंडी भंडाऱ्याला तेवढे पुरेसे नाही. पाण्यातील चुनखडीचे थर बोगद्याच्या भिंतींवर साचत जातात आणि वाट अरुंद होते, म्हणून नियमित सफाई आवश्यक ठरते. त्याहून मोठा प्रश्न पाण्याच्या उगमाचा आहे. हा जिल्हा केळीच्या बागायतीसाठी प्रसिद्ध असून या पिकाला भरपूर पाणी लागते. कूपनलिकांनी भूजलपातळी बोगद्याच्या खाली गेली किंवा सातपुड्याच्या उतारावरील झाडी नाहीशी झाली, तर बांधकाम शाबूत राहूनही भंडारा कोरडा पडेल. युनेस्कोच्या अंतिम यादीत स्थान मिळो अथवा न मिळो, या वारशाचे रक्षण कुंड्यांच्या कठड्यांपुरते मर्यादित ठेवून चालणार नाही. ज्या डोंगरउतारावर त्याचे पाणी मुरते, त्या उतारापासूनच ते सुरू व्हावे लागेल.