इंजिन भंगारात, ड्रॉइंग ग्लासगोत

१/ १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली उपनगरी गाडी सुटली. दिवसाला जाणारी एक, येणारी एक. तेव्हाच्या नोंदींत नालासोपारा ‘नीला’ आहे आणि वसई ‘बेसिन’. तारीख, स्थानके, फेऱ्या सारे ठाऊक आहे. पण या मार्गावरचे वाफेचे इंजिन लहान प्रमाणात हुबेहूब घडवायचे म्हटले, तर मापे लागतात. आणि मापे वेळापत्रकात नसतात. हा धागा त्या मापांच्या शोधाविषयी.

२/ हा मार्ग बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा, म्हणजेच ‘बीबीसीआय’चा. १९२८ साली कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली, १९३६ साली ती विरारला पोहोचली. १९५१ साली ही कंपनी पश्चिम रेल्वेत विलीन झाली. वाफेची बहुतेक इंजिने आयुष्य संपताच भंगारात गेली. लोखंड वितळले की यंत्राचा पुरावा कागदावरच उरतो.

३/ तो कागद कोणता? एका इंजिनामागे कारखान्यात ड्रॉइंग्जचा मोठा संच तयार होई. त्यात प्रमुख ‘जनरल अरेंजमेंट’, म्हणजे संपूर्ण इंजिनाचे छेदांसहित दर्शन. सिलिंडर, चाके, व्हॉल्व्ह गिअर यांची ड्रॉइंग्ज वेगळी. जुन्या ड्रॉइंग्जमध्ये रंगही बोलत: घडीव लोखंड निळे, ओतीव लोखंड करडे, पितळ पिवळे, तांबे तांबूस. पुढे ब्लूप्रिंटचा प्रसार झाला आणि धातूंची ही भाषा प्रतींमधून पुसली गेली.

४/ ही ड्रॉइंग्ज आज कुठे आहेत? बहुतांशी, इंजिने जिथे घडली तिथे. १८५३ च्या बोरीबंदर–ठाणे मार्गासाठी आलेली इंजिने लँकशायरमधील व्हल्कन फाउंड्रीची होती. नील्सन रीड, ड्यूब्स आणि शार्प स्टुअर्ट हे कारखाने १९०३ मध्ये एकत्र येऊन ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी झाली. १९६२ मध्ये ती बुडाली. तिचे दप्तर ग्लासगो विद्यापीठ आणि तिथल्याच मिचेल ग्रंथालयासारख्या संस्थांनी सांभाळले. बेयर पीकॉकचे दप्तर मँचेस्टरच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयात आहे. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातही ड्रॉइंग्जचा मोठा साठा आहे.

५/ वसईच्या खाडीवरून गेलेल्या इंजिनाचा कागद स्कॉटलंडमध्ये का शोधावा लागतो? कारण या रेल्वे कंपन्यांची संचालक मंडळे लंडनमध्ये बसत आणि मागण्याही तिथूनच जात. इथल्या कारखान्याला दुरुस्तीपुरत्या प्रती पुरत. मूळ ड्रॉइंग तिकडे जपले गेले, इथली प्रत वापरून झिजली. आपल्याकडे इंजिन आले. त्यामागचा हिशेब तिकडेच राहिला.

६/ म्हणून अजमेरचे उदाहरण मोलाचे. तिथल्या कारखान्यात १८९५ साली मीटर गेजचे एफ-७३४ हे इंजिन घडले. भारतात बांधले गेलेले पहिले इंजिन म्हणून ते ओळखले जाते. राजपुताना–माळवा रेल्वे तेव्हा बीबीसीआयच चालवत होती. म्हणजे विरारची गाडी आणि हे इंजिन एकाच कंपनीच्या छत्राखालचे. एफ वर्गाचा आराखडा मात्र ब्रिटिशच. हात इथले, कागद तिकडचा. तरीही हे हात इंजिन घडवू शकतात, हे त्या वर्षी सिद्ध झाले.

७/ शोधाची किल्ली कोणती? ‘मुंबईकडचे जुने इंजिन’ एवढ्या वर्णनावर कोणताही अभिलेखागार फारसे काही देऊ शकत नाही. इंजिनावरची निर्मात्याची पाटी पाहावी. तिच्यावर कारखान्याचे नाव, अनुक्रमांक आणि वर्ष असते. अनुक्रमांकावरून मागणीची नोंद, नोंदीवरून ड्रॉइंगचा क्रमांक, अशी ही साखळी. इंजिन उरले नसेल, तर जुन्या छायाचित्रातली वाचता येणारी पाटीही पुरते.

८/ ड्रॉइंग हाती आले म्हणजे सत्य हाती आले असे नाही. ते कारखान्याचा हेतू सांगते, इंजिनाचे आयुष्य नाही. मोठ्या दुरुस्तीत एका इंजिनाचा बॉयलर दुसऱ्यावर चढे. विसाव्या शतकात अनेक जुन्या इंजिनांना सुपरहीटर बसवले गेले आणि त्यांची स्मोकबॉक्स लांबली. म्हणून आधी वर्ष ठरवावे, मग त्या वर्षाचे छायाचित्र ड्रॉइंगशेजारी ठेवावे. दोन साक्षीदारांत तफावत दिसते, तिथे इतिहास सुरू होतो.

९/ आता गणित. छंदाच्या जगात इंग्लिश इंजिनांची तयार ड्रॉइंग्ज मिळतात, पण ती ४ फूट ८.५ इंच रुळांसाठी. आपला ब्रॉडगेज ५ फूट ६ इंच. पाच इंची रुळांवर मॉडेल चालवायचे, तर इंग्लिश प्रमाण १:११.३ आणि आपले १:१३.२. सहा फुटी चाक पहिल्या हिशेबात ६.३७ इंच होते, दुसऱ्यात ५.४५. जवळपास एका इंचाचा फरक! इंग्लिश ड्रॉइंगवर भारतीय नाव रंगवल्याने भारतीय इंजिन होत नाही.

१०/ बॉयलरच्या पत्र्याची जाडी मात्र अशी भागाकाराने ठरवू नये. वाफेचा दाब मॉडेलच्या प्रमाणात आपोआप लहान होत नाही. बाहेरचा आकार ऐतिहासिक ड्रॉइंगवरून घ्यावा. आतली ताकद नव्याने मोजावी, आणि जाणकाराकडून बॉयलर तपासून घ्यावा.

११/ एक काम इथेच करण्यासारखे आहे. एफ-७३४ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल संग्रहालयात उभे आहे. कित्येक स्थानकांबाहेर आणि कारखान्यांच्या आवारात चौथऱ्यांवर जुनी इंजिने ऊनपाऊस सोसत आहेत. पत्रा गंजतो, पाट्या गायब होतात. परवानगी घेऊन त्यांची मापे घेता येतात, पाटी टिपता येते, चारही बाजूंची छायाचित्रे काढता येतात. त्यावरून काढलेले ड्रॉइंग हाही ऐतिहासिक दस्तऐवजच, आणि तो पाहायला कोणाला ग्लासगो गाठावे लागणार नाही. आपल्या गावाजवळ असे इंजिन असेल, तर त्याच्या पाटीवरचा क्रमांक या धाग्याखाली जरूर लिहा.