धारवाडातील एक अनुवाद आणि कुमारवाचक

कुमारवाचक हा आपल्या वाङ्मयव्यवहारात उपेक्षितच राहिला आहे. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्यास पुरस्कार देण्यास आरंभ केला. परंतु प्रत्येक भाषेस वर्षाकाठी तो एकच असल्याने सात वर्षांचे मूल व पंधरा वर्षांचा कुमार एकाच पंक्तीस बसतात.

या संदर्भात धारवाडात झालेल्या एका कार्याचे स्मरण उचित ठरेल. जी. ए. कुलकर्णी (१९२३-१९८७) येथील महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन करीत. 'काजळमाया'स लाभलेला १९७३ चा अकादमी पुरस्कार त्यांनी परत केला, हे सर्वश्रुत आहे. मात्र कॉनराड रिक्टर हा अमेरिकन कादंबरीकार त्यांनी मराठीत आणला, याची आठवण क्वचितच निघते. रिक्टरला 'द टाउन'बद्दल १९५१ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याची १९५३ मधील 'द लाइट इन द फॉरेस्ट' अमेरिकेतील शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. तिचाच मराठी अनुवाद म्हणजे 'रानातील प्रकाश'.

तिचा नायक पंधरा वर्षांचा आहे. चौथ्या वर्षी लेनापे आदिवासींनी पळविलेला हा गोरा मुलगा त्यांच्यातच वाढतो, पुढे सक्तीने जन्मदात्यांकडे धाडला जातो आणि अखेरीस दोन्ही घरांना पारखा होतो. घरी मराठी व शाळेत कन्नड बोलणाऱ्या आमच्या मुलांना दोन घरांतील ही ओढ अपरिचित नाही. लेखकाने सुखान्ताची खोटी समजूत घातलेली नाही. आणि कुमारांना असेच सत्य हवे असते. पुरस्काराने लेखकाचा गौरव होतो. ते पुस्तक योग्य वयात मुलाच्या हाती देणे हे मात्र शिक्षकाचेच काम होय.